मनोऱ्याची जागा

माझ्या नणंदेला घरात फूटपट्टी म्हणायचे. लहानपणी खाऊचे दोन वाटे झाले की ही पट्टी आणून लावायची आणि मोठा वाटा भावाच्या हातातून काढून घ्यायची. तो भाऊ पुढे माझा नवरा झाला आणि त्या खाऊबद्दल अजून कुरकुरतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला हाताला धरून उंबऱ्याशी नेलं, फरशीवर एक गोटी ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, बघ हं." गोटी आपणहून स्वयंपाकघराकडे घरंगळत गेली. "गेल्या वर्षी ही न्हाणीघराकडे जायची," ती आनंदानं म्हणाली. मी मनात म्हटलं, सासर भलतंच मिळालंय.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या शहरात कुणी वापरत नाही, कारण इथलं अंगण खरंच वाकडं असतं. शहराखाली कोळशाची खाण होती. ती बंद होऊन एक पिढी उलटली, पण खालची पोकळी कुठे गेली नाही. ती हळूहळू बसते आणि वरचं शहर तिच्याबरोबर बसतं. दारं चौकटीत अडकतात, सुताराला बारमाही काम मिळतं. भिंतीला तडा गेला की आम्ही त्याच्यावर काचेची एक आडवी पट्टी बसवतो, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून. काच शाबूत राहिली तर तडा जुना, निजलेला. काच फुटली तर तडा चालतोय. कुणी नवीन घरात राहायला गेलं की आम्ही पहिल्यांदा त्याला काचा कशा आहेत ते विचारतो.

सासरे त्या खाणीतच होते. खोकल्यानं त्यांना लवकर नेलं. पण त्याआधी ते लेकीला बोटाला धरून चौकात न्यायचे. चौकात खाणीचा मनोरा उभा आहे, लोखंडी, टोकाला दोन मोठी चाकं. त्या चाकांवरून दोर जायचा, दोराला पिंजरा असायचा आणि पिंजऱ्यातून माणसं खाणीच्या खोल उभ्या विहिरीत उतरायची. खाण गेली, मनोरा राहिला. शाळेच्या बिल्ल्यावर तो, नगरपालिकेच्या शिक्क्यावर तो, पाववाल्याच्या कागदी पिशवीवरसुद्धा तोच. सासरे तिचा हात त्या गार लोखंडावर ठेवायचे आणि सांगायचे, "या चाकाखालून मी रोज खाली जायचो." हे अगदी खरं होतं. तिनं ते जन्मभर लक्षात ठेवलं.

शिकून ती मोजणीच्या कामाला लागली आणि नगरपालिकेच्या नकाशाखोलीत चिकटली. ती खोली इमारतीच्या पाठीमागे आहे. खिडकी सायकलींच्या छपराकडे उघडते, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. दोन संगणक, टेबलाएवढा मोठा स्कॅनर आणि एक पत्र्याचं कपाट. कपाटात खाण कंपनीनं मागे टाकलेले नकाशे, मागून कापड लावलेले, गुंडाळ्या करून ठेवलेले. शहराचं नशीब असं कपाटात कुबट वास मारत पडलं होतं. फूटपट्टी ते एकेक काढायची, मऊ ब्रशनं झाडायची, स्कॅनरखालून न्यायची आणि मग आकाशातून काढलेल्या शहराच्या फोटोवर बसवायची. खाली कुठे पोकळ आहे आणि वर कुणाचं घर आहे, हे एकाच वेळी दिसायला हवं, हे तिचं काम.

मी शिंपीण आहे. स्टेशनजवळ माझं छोटं दुकान आहे. एकदा त्या नकाशाखोलीला पडदे शिवून द्यायला मी गेले, तर तिनं मला खुर्चीत बसवलंच. "ये, तुला तुझं शहर दाखवते." तिनं एक बटण दाबलं आणि छपरांच्या खालून रेघा उगवल्या, जाळं पसरावं तशा. शाळेमागचा रस्ता तिरका का, तर खालच्या मोठ्या बोगद्याच्या माथ्यावरून कोळशाचे डबे नेणारी छोटी रेल्वे जायची, तिचाच हा रस्ता झाला. पोरं घसरगुंडी खेळतात ती टेकडी म्हणजे खाणीतून काढलेला राडारोडा. मधोमध बाग का सोडली, तर तिथं बांधायची कुणाची छाती झाली नाही. "आपल्याला वाटतं, शहर वरून आखलं," ती म्हणाली. "हे सगळं खालून आखलंय, वहिनी." मी आ वासून बघत राहिले. एवढी वर्षं मी त्या तिरक्या रस्त्यानं जाता-येता ज्या आखणाऱ्यांना शिव्या घालत होते, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

"एकच वळण मला सुटत नाही," तिनं बस डेपोवर बोट ठेवलं. "हा रस्ता या मोकळ्या जागेला वळसा घालून का जातो? खाली तर काहीच नाही."

"एखाद्या साहेबाची म्हैस बसली असेल आडवी," मी म्हटलं. ती खदखदून हसली आणि आम्ही ते वळण तसंच सोडून चहा प्यायला गेलो.

जुना नकाशा नव्या फोटोवर बसवायचा म्हणजे खांद्याला बाही जोडण्यासारखं असतं. दोन्हींवर खुणा लागतात. खूण खुणेला भिडली की बाकीचं नीट बसतं, एक खूण चुकली की अख्खी बाही पिळते. शहराच्या बाकीच्या भागात तिला खुणा भरपूर मिळाल्या, पूल, स्टेशनचा कोपरा, इस्पितळाची जुनी भिंत. आमच्या बाजूला मात्र जुनं असं काही उरलंच नव्हतं. खचलं, पाडलं, पुन्हा बांधलं. नकाशावर नदीकाठचं पंपघर होतं, त्याची एक भिंत अजून उभी होती. आणि उतरायची विहीर होती, तिच्या डोक्यावर मनोरा. तिनं या दोनच खुणांवर आमच्या बाजूचा नकाशा बसवला.

तो जरा आखूड पडला. पंपघरापासून मनोऱ्यापर्यंतचं अंतर नकाशात कमी भरायचं, फोटोत जास्त. ती आणि सासूबाई पलीकडच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायच्या, पण जेवायला आमच्याकडे असायच्या; जेवतानाही ती त्याच विचारात होती. शेवटी म्हणाली, "कागद आटला असणार. इतकी वर्षं ओल खातोय." कापड आटतं तर कागद का नाही आटणार, असं मलाही वाटलं. तिनं नकाशा थोडा ताणला आणि तो दोन्ही टोकांना चपखल बसला.

त्या नकाशात चढाची गल्ली लाल आली. खाली मोठमोठ्या पोकळ्या, वर घरांची रांग. आमची उताराची गल्ली हिरवी, ठणठणीत. नगरपालिकेच्या सभागृहात चढाच्या गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून तिनं ते पडद्यावर दाखवलं. माणसं आपापलं छप्पर शोधत होती आणि सापडलं की परत खुर्चीत बसत होती. घर सोडा, असं सांगायला फार मोठं तोंड लागतं. तिचं तोंड लहान, आवाज बारीक, पण ती खाणवाल्याची मुलगी म्हणून लोकांनी ऐकलं. पहिल्यांदा उभे राहिले ते पाववाले काका. गल्लीच्या टोकाला त्यांची विटांनी बांधलेली पावाची भट्टी होती, वडिलांपासूनची. ते म्हणाले, "पोरगी खोटं कशाला बोलेल? मी निघतो. माझं बघून बाकीचे निघतील." आणि पहिलं कुलूप त्यांनीच लावलं.

चढाची गल्ली रिकामी झाली, मग पाडली. त्या लोकांना आमच्या उताराच्या गल्लीत, आमच्या समोरच्या मोकळ्या जागेवर नवी घरं बांधून दिली. पाववाल्या काकांनी नवी भट्टी बांधली. पावाची पहिली खेप निघाली तेव्हा त्यांनी फूटपट्टीला घरून बोलावून नेऊन गरम पाव हातावर ठेवला. ती तो न खाता घरी घेऊन आली आणि आईच्या पुढ्यात ठेवला. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "अहो वन्सं, आता आमच्याशी बोलाल ना?" असं मी चिडवलंसुद्धा.

मग ड्रिल आलं. पाडलेल्या गल्लीत भोकं पाडून खालच्या पोकळीत सिमेंटचा पातळ गारा सोडायचा होता. ड्रिलवाला एक भोक पाडायचा, मग दुसरं, आणि प्रत्येक वेळी खालून दगडच यायचा. तो तिला म्हणाला, "बाई, खाली काही नाही. सगळा सलग दगड आहे. यावर किल्ला बांधा." तो बिचारा आनंदाची बातमी सांगत होता. ती तिथंच ढिगाऱ्यावर खाली बसली.

त्या दिवसांत ती घरी यायची ती डोक्यात नकाशा घेऊनच. ताटावर बसायची आणि घास हातातच राहायचा. तिनं सगळं पुन्हा तपासलं, स्कॅन, आकडे, रेघा. चूक सापडेना. एका संध्याकाळी मी भांडी विसळत होते, सासूबाई पाटावर बसून भाजी निवडत होत्या आणि ही भिंतीला टेकून स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "पंपघर तिथंच आहे. मनोरा तिथंच आहे. मग चुकलं कुठे?"

"मनोरा?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं. "तो कुठे तिथला? तो मागाहून आणला."

मी नळ बंद केला.

"तू पोटात होतीस तेव्हा," त्या म्हणाल्या. "खाण बंद झाली, विहीर बुजवली, जागा डेपोला दिली. मग आठवण म्हणून मनोरा चौकात उभा करायचं ठरलं. तुकडे करून गाड्यांवर घातला होता. आम्ही सगळे रस्त्यावर बघायला उभे होतो. मला फार वेळ उभं राहवेना, तर तुझ्या बाबांनी कुणाची तरी खुर्ची आणून दिली."

"आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? अख्ख्या गावाला माहीत आहे."

खरंच अख्ख्या गावाला माहीत होतं. तिच्या वयाच्या वर जो कुणी होता त्याला ठाऊक होतं आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटलं नव्हतं. परक्या गावचं कुणी नकाशाखोलीतल्या तिच्या खुर्चीत बसलं असतं तर पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं असतं, हा मनोरा पहिल्यापासून इथंच आहे ना? तिला विचारायची गरजच नव्हती. बापानं तिचा हात त्या लोखंडावर ठेवला होता.

ती चपला न घालताच बाहेर पडली. माझा नवरा डेपोत मेकॅनिक आहे, त्याची पाळी चालू होती. मी तिच्या मागे पळत गेले. "दादा, इथं कुठे गोल ओटा आहे का? सिमेंटचा?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "आहे की. मागे. जुने टायर रचतो त्याच्यावर." मग आम्ही तिघांनी ते टायर एकेक करून बाजूला लोटले. माझे हात काळे झाले, साडी काळी झाली. खाली गोल झाकण होतं, घराच्या खोलीएवढं, तेलानं माखलेलं. विहिरीचं तोंड. रस्ता ज्या जागेला वळसा घालत होता ती ही जागा. फूटपट्टी त्या झाकणावर ओणवी बसली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी, नकाशाखोलीत. तिनं खूण चौकातून उचलली आणि डेपोवर ठेवली. कागद आटलेला नव्हता. न ताणता तो जसाच्या तसा बसला. सगळ्या पोकळ्या चढावरून घसरून खाली आल्या आणि आमच्या गल्लीखाली येऊन थांबल्या. आमचं छप्पर लाल. समोरची नवी रांग लाल. पाववाल्या काकांची भट्टी सर्वांत मोठ्या पोकळीच्या बरोबर माथ्यावर. सलग दगडावर राहणाऱ्या माणसांना तिनं उचलून पोकळीवर आणून बसवलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि ढकलणारा हात तिचा होता.

ती नगरपालिकेच्या साहेबांकडे गेली. आमचे साहेब काही राक्षस नाहीत, मुलाबाळांचे आहेत, हसून बोलतात. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "एक गल्ली आपण पाडली. आता म्हणायचं, चुकून पाडली? आधी समिती नेमू. समिती पाहणी करेल. तोवर शब्द बाहेर जाता कामा नये." ती म्हणाली, "साहेब, तोवर घरं राहतील का?" ते म्हणाले, "इतकी वर्षं राहिलीच आहेत." मला विचाराल तर त्या माणसाला त्या भट्टीवर मांडी घालून बसवायला हवं होतं, समितीसकट.

तिनं नवा नकाशा छापला आणि चौकात मनोऱ्याच्या पायाला चिकटवला. दुपारपर्यंत तो फाडला गेला आणि संध्याकाळपर्यंत तिला घरी बसवलं. मग ती दारोदार फिरायला लागली. मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर जायची, कारण एकटीला लोकांनी धक्के मारून काढलं असतं. जोडीला मी होते म्हणून नुसत्या शिव्या मिळाल्या. "काल तिथं खड्डा होता, आज इथं आला? खड्ड्याला पाय फुटले का?" "आमची घरं पाडून पोट भरलं नाही वाटतं." एका बाईनं तिच्या तोंडावर दार आपटलं तेव्हा चौकटीवरचा सिमेंटचा पोपडा तिच्या केसांत पडला. तिनं तो झटकला नाही. केसांत घेऊनच पुढच्या दारी गेली.

घरात तरी कुठे ऐकत होते! माझा नवरा म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. टायर त्यानं स्वतःच्या हातानं लोटले होते, झाकण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी म्हणाला, "मानलं, विहीर डेपोत होती. म्हणून घर आज पडणार का? फूटपट्टे, तोंड मिटून बस. लोक तुला फाडून खातील." त्याला भीती वाटत होती, तिच्यासाठी, हे मला दिसत होतं. पण भीतीनं माणूस चांगलं वागतोच असं नाही.

"नकाशावर विश्वास नाही ना, काचेवर आहे ना?" मी म्हटलं. मग आम्ही काचा कापून आणल्या आणि उताराच्या गल्लीत ज्यांनी लावू दिल्या त्यांच्या भिंतींवर लावल्या. आमच्या न्हाणीघराच्या दारावरच्या तड्यावर मी स्वतः लावली. पाववाल्या काकांनी पहिल्यांदा आत घेतलं नाही. काकूंनी मागच्या दारानं घेतलं.

सर्वांत आधी त्यांचीच काच फुटली. फूटपट्टी धावत गेली. "काका, बघा!" काका पिठाचे हात पुसत आले, काच पाहिली आणि म्हणाले, "पोरी, ही भट्टीची भिंत आहे. तापते, निवते. काच तडकणारच. माझ्या बापाच्या भट्टीवरही कधी काच टिकली नाही." ती बोलायला गेली आणि थांबली. कारण ते खरंही असू शकत होतं. तिला खोटं बोलता आलं असतं, पण मोजणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्या वेळी ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग आमची फुटली. त्या दिवशी फूटपट्टीनं आपली वळकटी आणून आमच्या पुढच्या खोलीत पसरली. एरवी ती आणि सासूबाई झोपायला आपल्या भाड्याच्या खोलीत जात. "दादा, तू नाही निघालास तर मी इथंच राहणार. पडलं तर माझ्यावर पण पडू दे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नवऱ्यानं आरडाओरडा केला, ताट लोटलं, बाहेर जाऊन आला. परत आला तेव्हा ती तशीच पडलेली. त्यानं कपाटातले कपडे काढायला सुरुवात केली. आम्ही माझ्या दुकानात राहायला गेलो. कापडांच्या ठाणांच्या मधे, शिवणयंत्राच्या पायांशी. आमचं बघून दोन-चार घरं हलली, मग आणखी काही. शेवटी गल्लीत फक्त समोरची रांग उरली आणि मग त्या रांगेत फक्त भट्टी.

फूटपट्टी रोज काकांच्या पायरीवर जाऊन बसायची. आत घेत नव्हते, म्हणून बाहेर. मी एकदा तिला आणायला गेले तेव्हा काका दारात उभे होते, हातात पाव. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "खा आणि घरी जा," ते म्हणाले. "तुझ्या सांगण्यावरून मी एकदा उठलो. पहिलं कुलूप मी लावलं. बापाची भट्टी माझ्या डोळ्यांसमोर फोडली, आणि खाली दगड निघाला. आता पुन्हा उठायला माझ्यात ताकद नाही. तू खरं बोलत असशील. पण मी उठणार नाही."

"काका, मी पाया पडते," ती म्हणाली आणि खरोखर पायरीवर डोकं ठेवलं. मी तिला उठवत होते आणि ती उठत नव्हती. काकू आत पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. काकांनी खाली वाकून तिच्या हातात पाव दिला आणि दार लावून घेतलं.

एके दिवशी दुपारची वेळ होती. काकू माझ्या दुकानात आल्या होत्या, भट्टीच्या खोलीचा जाड पडदा शिवून घ्यायला. पडदा यंत्रावर होता. आवाज असा झालाच नाही. जमीन जरा खाली बसल्यासारखी झाली, कात्री टेबलावरून घसरली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. पायरीवरून परत येऊन मला मदत करत बसलेली फूटपट्टी उसवायला घेतलेलं कापड टाकून उठली. तिनं काकूंकडे पाहिलं आणि काकूंनी तिच्याकडे. दोघी एकदमच दाराबाहेर पळाल्या.

गल्लीत भट्टी नव्हती. रस्ता काठापर्यंत येऊन तुटला होता आणि खालून धूर येत होता, कोळशाचा आणि पावाचा. लोकांनी काकूंना धरून ठेवलं. फूटपट्टीला कुणी धरलं नाही. ती काठावर गुडघ्यांवर बसून खाली बघत होती, म्हणून मी मागून तिची ओढणी घट्ट पिळून धरली आणि सोडली नाही. काका सापडले नाहीत. सापडण्यासारखं तिथं काही नव्हतं.

त्यानंतर समिती आली. बैल गेला आणि झोपा केला. तिचाच नकाशा, तिचं नाव न घालता, लाल शिक्का मारून सगळीकडे लावला. साहेबांनी माणूस पाठवून तिला परत बोलावलं. ती गेली नाही. दिवसभर माझ्या दुकानात बसून जुन्या कपड्यांच्या शिवणी उसवायची. मी सांगितलेल्या उसवायची, न सांगितलेल्याही. त्या मी मागाहून परत शिवून घ्यायची. कधी बोललीच तर म्हणायची, "वहिनी, मी त्यांना तिथं नेलं." मी म्हणायची, "तू त्यांना बाहेर काढायलाही गेलीस." ती मान हलवायची, हो म्हणून, पण ते तिला पुरत नव्हतं. मलाही पुरत नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू.

काकू नातेवाइकांकडे होत्या. एका सकाळी त्या दुकानात आल्या, शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसल्या. अर्धा शिवलेला पडदा अजून कोपऱ्यात घडी करून ठेवला होता. त्यांनी तो पाहिला, नजर काढून घेतली. मग फूटपट्टीला म्हणाल्या, "मला नगरपालिका विचारतेय, कुठे राहायला जाणार. मी काय सांगू? तुझा नकाशा उघड."

"काकू, माझा नको."

"तुझाच. ते म्हणाले होते, पोरगी खोटं बोलत नाही. शेवटपर्यंत म्हणत होते." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "उघड. आणि बोट ठेव. जिथं ठेवशील तिथं मी राहीन."

तिनं आपला जुना लॅपटॉप काढला. शहर उघडलं, छपरं, रस्ते, खालच्या रेघा. तिचं बोट पडद्यावरून इकडून तिकडे फिरत राहिलं. लाल, पिवळं, हिरवं. हिरव्यावर ठेवायचा तिला आता धीर नव्हता. हिरवी तर एकदा आमची गल्लीही होती. मला ते बघवेना. मी यंत्राच्या सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो ओवला जाईना.

अख्ख्या शहरात एकच जागा होती, जिच्याबद्दल तिला खात्री होती. तिथं ड्रिल उतरलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी दगड लागला होता. तिनं तिथं बोट ठेवलं.

काकू पुढे वाकल्या. चष्मा वर सारला. त्या रिकाम्या, सपाट केलेल्या तुकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"हे आमचं अंगण आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या भट्टीच्या मागचं."

"हो, काकू," ती म्हणाली.